टिपणीस बाईंचं ‘असो’

टिपणीस बाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या हातातला नकाशा काढून घेतला. मी नुकतीच पुण्याहून बहारीनला आले होते, इसा टाउनमधल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायला. विमानतळावर फुकट मिळालेला बेटाचा नकाशा स्टाफरूमच्या टेबलावर पसरून आपलं घर कुठे आणि शाळा कुठे ते मी शोधत होते. समोरून एक हात आला. त्यात पेन्सिल होती.

“हा जुना आहे,” बाई सरळ मराठीतच म्हणाल्या. माझं आडनाव त्यांनी मस्टरवर आधीच वाचून ठेवलं होतं. हिद्दच्या बाजूला त्यांनी समुद्रात एक फुगवटा काढला आणि तो पेन्सिलीने भरला. “इथे आता जमीन आहे. या लोकांना समुद्र बुजवायचा नाद आणि मला मुलांना भूगोल शिकवायचा. फळ्यावर काढलेला किनारा पुसेपर्यंत बदलतो. असो.”

आणि बाई आपल्या तासाला निघून गेल्या. त्या ‘असो’नंतर काहीतरी येईल म्हणून मी पेन्सिलीकडे बघत बसले होते. पुढे कळलं की त्यानंतर काही येत नसतं.

‘असो’ आपण सगळेच म्हणतो. पण बाई ते दाराला कडी घालावी तसं घालायच्या. मूग गिळायचा असो वेगळा, वाद संपवायचा वेगळा, समोरच्याने आता उठावं असं सुचवणारा वेगळा. वर्गात मुलं बहुतेक मल्याळी आणि तमिळ. त्यांना मराठीचा गंध नाही. पण बाईंनी ‘असो’ म्हटलं की अख्खा वर्ग पुस्तकं मिटायचा. आमच्या प्रिन्सिपल सरांचा तर कितीतरी वर्षं समज होता की मराठीत ‘असो’ म्हणजे ‘थँक यू’. मीटिंग संपवताना ते बाईंकडे बघून मोठ्या आदराने “असो, असो” म्हणायचे आणि बाई न हसता मान तुकवायच्या.

दुसरी त्यांची सवय म्हणजे एक प्रश्न. ‘हे इथेच का?’ कशालाही त्या तो विचारायच्या. गुदैबियाच्या कोपऱ्यावर दोन न्हावी समोरासमोर आहेत, इथेच का? अमुक बेकरीत खुबूस रोटी घ्यायला लांबून माणसं येतात, ती इथेच का? “कोणतीही गोष्ट कुठे आहे ते नीट बघितलं ना वर्षा, की ती का आहे ते आपोआप कळतं. भूगोल म्हणजे एवढंच. बाकीचं पाठांतर.” शुक्रवारी त्या आपल्या जुन्या गाडीत मला घालून बेटभर फिरवत. एसी एका बाजूनेच चालायचा आणि ती बाजू नेहमी माझी. झल्लाकला मोठ्या हॉटेलांच्या मधून जी जराशी वाळू मोकळी राहिली आहे तिथे आम्ही मावळतीला उभ्या राहायचो. लोक सूर्याचे फोटो काढायचे. बाई पलीकडच्या पुलाकडे बोट दाखवून, तो पूल बरोबर त्याच जागी का बांधला ते सांगायच्या. मग परत येताना मासळी बाजार. बाई अलिबागच्या सीकेपी. माशाच्या बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालू नये. साफी आणि शेरी हे तिथले मासे हाताळताना त्या विक्रेत्याशी अरबी, हिंदी आणि अलिबागी असं एकत्र काहीतरी बोलायच्या आणि त्याला ते सगळं कळायचं.

टिपणीस साहेब सित्र्याला एका कंपनीत होते. मुलगा निखिल शाळेत असतानाच ते गेले. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईंनी स्वतःचा व्हिसा करून घेतला, शाळेची नोकरी धरली आणि मुलाला आमच्याच शाळेत वाढवलं. निखिलला मी पाहिलं तेव्हा तो इंजिनिअर होऊन सुट्टीला आला होता. उंच, आईसारखंच कपाळ. इथे वाढलेल्या सगळ्या मुलांसारखा तोही मराठी सगळं समजायचा आणि उत्तर इंग्रजीत द्यायचा. त्याला एक मराठी शब्द मात्र जन्मापासून पाठ होता. “यू नो, मॅडम,” तो मला एकदा म्हणाला होता, “इन अवर हाउस असो मीन्स खलास.”

मग तो नोकरीला ओसाकाला गेला. बाईंना केवढं कौतुक. त्या वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आल्या होत्या: ओसाका, पूर्वेकडचं मँचेस्टर, कापड गिरण्या, योदो नदीचं खोरं. आणि आता त्यांचा मुलगा त्या खोऱ्यात राहत होता. स्टाफरूममध्ये त्या त्याचा पत्ता नकाशावर दाखवायच्या.

आणि एका शनिवारनंतर दाखवायचं बंद झालं. निखिलने तिकडे लग्न केलं होतं. युका नावाच्या जपानी मुलीशी, नोंदणी पद्धतीने, आईला न सांगता. फोन आला तो झाल्यावर. मला हे बाईंनी सांगितलं ते एकाच वाक्यात आणि शेवटी तो शब्द. मुलगी जपानी आहे याचं त्यांना काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. एकुलत्या एका मुलाने आपल्याला वगळलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर दर आठवड्याला मायलेकांचा फोन व्हायचा. तिकडे पाऊस आहे का, इकडे धूळ आहे, गुडघा कसा आहे, बरा आहे. कधी कधी मी शेजारी बसलेली असायचे. दोन सभ्य अनोळखी माणसं बोलावीत तसं ते बोलायचे. मला ऐकवायचं नाही.

शाळेच्या गेटवर अबू यूसुफ म्हणून एक वयस्क बहारीनी गृहस्थ बसायचे. त्यांचे आजोबा मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे. जपान्यांनी मोती पिकवायला सुरुवात केली आणि या बेटाचा तो धंदा बसला, ही गोष्ट ते काल घडल्यासारखी सांगत. निखिलचं कळल्यावर त्यांनी बाईंना आपल्या हिंदीत सांत्वन केलं, “क्या टीचर, जपान ने पहले हमारा मोती ले लिया. अभी तुम्हारा बच्चा भी ले लिया.” बाई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या आणि मग स्टाफरूममध्ये येऊन बराच वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

अशी दीडदोन वर्षं गेली. बाईंची निवृत्ती जवळ आली. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की बेट सोडायचं, मग आयुष्य इथे गेलेलं असलं तरी. निखिल फोनवर एकदाच म्हणाला होता, “आई, यू कॅन कम हिअर.” भाऊ अलिबागला घर झाडून वाट बघत होता. सगळे विचारायचे, मग कुठे? बाई म्हणायच्या, असो.

आणि मार्चच्या सुट्टीआधी त्यांनी एकदम मला विचारलं, “ओसाकाला येतेस?”

“मी?”

“मी इतकी वर्षं मुलांना ते शहर शिकवलं. बरोबर शिकवलं की नाही ते निवृत्त व्हायच्या आत बघायला नको?”

“पण बाई, निखिलकडे तुम्ही...”

“निखिलकडे नाही. ओसाकाला. आपण हॉटेलात उतरणार. मी एकटी गेले तर तो म्हणेल आई मला भेटायला आली. तू बरोबर असलीस की ती सहल होते.”

अशी मी सहल म्हणून गेले.

दुबईला विमान बदलून आम्ही पोहोचलो, आणि विमानतळ समुद्र बुजवून केलेल्या बेटावर आहे हे कळल्यावर बाईंना अगदी घरी आल्यासारखं वाटलं. “यांनाही तोच नाद,” त्या समाधानाने म्हणाल्या. बाहेर निखिल आणि युका उभे होते. युका लहानखुरी, केस कानामागे सारलेले, घाबरलेली. बाईंनी आपण कसं वागायचं ते विमानात ठरवून ठेवलं होतं, मला ते दिसत होतं: हसायचं, हात जोडायचे, आशीर्वादबिशीर्वाद काही नाही. युका पुढे आली आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे कमरेत खोल वाकली. आणि सुनेचं वाकलेलं डोकं समोर येताच बाईंचा हात आपोआप त्यावर गेला. “औक्षवंत हो,” असंही तोंडातून निघून गेलं. डोक्यावर हात असल्यामुळे युकाला सरळ होता येईना. हात काढायचा की तसाच ठेवायचा ते बाईंना ठरवता येईना. दोघी काही वेळ तशाच. शेवटी निखिलने बॅग उचलली. टॅक्सीत बाई माझ्या कानात म्हणाल्या, “सवय ग. दुसरं काही नाही.”

पुढचे दिवस मी बाईंच्या मागे जे हिंडले, तसं आयुष्यात कधी हिंडले नाही. कोणतंही शहर आधी वरून बघायचं, मग खालून, हा त्यांचा नियम. त्यामुळे पहिल्याच सकाळी उमेदाला दोन उंच इमारतींच्या डोक्यावर एक गोल गच्ची आहे, तिथे. खाली योदो नदी, पूल, घरांचा राखाडी पसारा आणि पलीकडे खाडी. निखिल ऑफिसातून रजा घेऊन आला होता, आईपासून दोन हात अंतर ठेवून. “गिरण्या कुठायत?” बाईंनी त्याला विचारलं.

“नो मिल्स, आई. ऑल गॉन. लाँग बॅक.”

“एकसुद्धा नाही?”

“ऑफिसेस. मॉल्स.”

बाईंनी कठड्यावर हात ठेवून ते गिरण्या नसलेलं मँचेस्टर बराच वेळ न्याहाळलं. “म्हणजे मी वर्षानुवर्षं मुलांना थापा मारल्या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्याचं विलक्षण हसू आलं. चूक सापडली की बाई खूश व्हायच्या, स्वतःची असली तरी. गणिताच्या मास्तरणीला हा स्वभाव परवडत नाही.

सरकत्या जिन्यावर सगळे उजवीकडे ओळीने उभे, घाईवाल्यांसाठी डावी बाजू मोकळी. टोकियोत याच्या उलट, डावीकडे उभं राहतात, असं युकाने तिच्या सावकाश इंग्रजीत सांगितलं. हे इथेच का? युकाने चार कारणं सांगितली आणि पाचवं म्हणून म्हणाली, “बिकॉज ओसाका पीपल डोन्ट लाइक टु फॉलो टोकियो.” बाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मुंबईकर-पुणेकर यावर त्यांनी तिला मग एक छोटंसं व्याख्यान दिलं, ते तिला कळलं असेल असं वाटत नाही, पण ती मनापासून ऐकत होती. किल्ला बघायला गेलो तर आत लिफ्ट. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटी बघून चालत जाणाऱ्या बाईंना किल्ल्यात लिफ्ट ही कल्पना इतकी आवडली की आम्ही दोनदा वर गेलो. चेरीची फुलं अजून उमलली नव्हती आणि त्यासाठी आलेले प्रवासी हिरमुसले होते. बाईंना त्याचं काही नव्हतं.

संध्याकाळी दोतोनबोरीच्या कालव्यावर इतके दिवे की पाणी कुठल्या रंगाचं ते सांगता येऊ नये. इमारतीच्या अंगावर भलामोठा खेकडा पाय हलवत होता. बाईंनी आधी तो कोणत्या जातीचा ते बघून घेतलं. एका गाड्यावर गर्दी होती. लोखंडी तव्याला ओळीने खळगे, त्यात सरसरीत पीठ, आणि एक मुलगा टोच्याने भराभर गोळे उलटत होता.

“हे आप्पे,” बाई म्हणाल्या.

“ताकोयाकी, आईसान. ऑक्टोपस इनसाइड,” युका म्हणाली.

“आत काही का असेना. आप्पेच.” त्यांनी रांग मोडू न देता मान लांब करून तो तवा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या बाजाराच्या गल्लीत जाऊन तसाच एक विकत घेतला. तो बहारीनला येईपर्यंत मी उचलला. फार जड होता.

ट्रेनमध्ये एका ओसाकाकर आजीने बाईंच्या साडीकडे बघून काहीतरी कौतुक केलं, पर्स उघडली आणि त्यांच्या हातावर एक गोळी ठेवली. इथल्या बायका पर्समध्ये गोळ्या ठेवतात आणि अनोळखी माणसालाही देतात, असं युकाने सांगितलं. बाईंनी लगेच आपली पिशवी उघडून आजींना बहारीनचा खजूर दिला. मग आजींच्या मैत्रिणीने आणखी एक गोळी. मग आणखी खजूर. आमचं स्टेशन चुकलं.

निखिल या सगळ्यात होता आणि नव्हता. माहिती विचारली की द्यायचा, तिकिटं काढायचा, आईचा गुडघा बघून लिफ्ट शोधायचा. बाईही त्याला शहराबद्दल हजार प्रश्न विचारत. तू इथेच का, हा एक सोडून. मला वाटायला लागलं की हे असंच संपणार, नीटनेटकं, फोटोंसकट.

मग युकाच्या वडिलांकडे चहाला जायचा दिवस आला. बाईंनी त्यांना व्याही म्हणायचं टाळलं होतं. त्या ‘ते दुकानवाले गृहस्थ’ म्हणायच्या. दुकान कोम्बूचं. कोम्बू म्हणजे समुद्रात वाढणारं एक लांब पट्ट्यांचं शेवाळ. ते वाळवून ठेवतात आणि त्याचं सार काढतात. जपान्यांचं बहुतेक सगळं जेवण त्या सारावर उभं आहे. दारातूनच समुद्राचा वास आला आणि बाईंचा चेहरा सैल झाला. आत मागच्या खोलीत चटया, बुटकं टेबल, भिंतीशी लाकडी देव्हाऱ्यासारखं काहीतरी आणि त्यात एका हसऱ्या बाईंचा फोटो. दुकानवाले गृहस्थ सत्तरीचे, बारीक, हातांना कामाचे घट्टे. त्यांचं जपानी युका इंग्रजीत करायची, बाईंचं मराठी-इंग्रजी निखिल जपानीत.

बाईंनी भेट म्हणून सोडे आणले होते. अलिबागचे, वाळवलेल्या कोळंबीचे, भावाने पाठवलेले. सीकेपी माणूस सोडे देतो म्हणजे साधी गोष्ट नाही. गृहस्थांनी पुडी उघडली, डोळे मिटून वास घेतला आणि काहीतरी विचारलं.

“ही आस्क्स, विच सी?” युका म्हणाली.

हा प्रश्न बाईंच्या काळजाला हात घालणारा होता. त्यांनी अलिबागचा समुद्र सांगितला, कोळंबी सोलणं, वाळवणं, कावळ्यांपासून राखणं. मग आपण फार बोललो असं वाटून त्या थांबल्या. “असो.”

गृहस्थांनी जोरात मान हलवली आणि कोम्बू कसा वाळवतात ते सांगायला घेतलं. बाईंनी ऐकलं. एवढं सगळं शेवाळ ओसाकाच्या खाडीत मिळतं का, असं विचारलं. नाही, पार उत्तरेच्या थंड समुद्रात. मग दुकान इथेच का? हा प्रश्न त्यांना बहुधा कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते सरसावून बसले. जुन्या काळची जहाजं, तांदूळ घेऊन जायची आणि कोम्बू घेऊन यायची, सगळ्या देशाचा माल आधी ओसाकाला उतरायचा. बाईंना आवडलं. पण चहा थंड होत होता आणि आम्ही फक्त चहाला आलो होतो. “असो,” बाई म्हणाल्या.

गृहस्थ आणखी खुलले. पणजोबांवर गेले. बाई “असो,” जरा जोर देऊन. त्यांनी आपली बसायची उशी पुढे सरकवली आणि जहाज बुडाल्याची हकिकत सुरू केली. निखिलचे खांदे हलत होते.

“काय झालं रे हसायला?”

“आई, यू कान्ट स्टॉप हिम लाइक दॅट. हिअर ‘आ सो’ मीन्स, ओह, रिअली? टेल मी मोर.”

म्हणजे आमच्याकडे ज्याने दार बंद होतं त्याने इथे ते उघडत होतं, आणि बाई गेला अर्धा तास त्या म्हाताऱ्याला, हो का, मग काय झालं, असं विचारत होत्या. आम्ही सगळे हसलो. मायलेक एकमेकांकडे बघून हसले. मी ते दीडदोन वर्षांत प्रथमच बघत होते. गृहस्थांना कशाला हसतोय ते कळलं नाही, पण तेही हसले, आणि देव्हाऱ्यातल्या फोटोकडे हात करून काहीतरी बोलले.

“ही सेज, मदर ऑल्सो यूज्ड टु लाफ,” युका म्हणाली. “व्हेन ही टॉक्स टू मच.” गृहस्थ पुढे बोलले. युका थांबली. निखिलने मान खाली घातली. “आई, लीव्ह इट,” तो म्हणाला.

“काय म्हणाले?”

“ही सेड...” युका चाचरली, “ही इज सॉरी अबाउट द वेडिंग.”

बाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, “असो.”

आणि त्या गृहस्थांनी मान हलवली. त्यांना विचारलं गेलं होतं, त्यांनी सांगितलं. युकाला ते इंग्रजीत करावंच लागलं, एकेक वाक्य, मधे थांबत.

लग्न पुढच्या वर्षी करायचं ठरलं होतं. निखिलला आई यायला हवी होती, तिच्या सुट्टीत. कागदपत्रं तेवढी तयार ठेवली होती. मग युकाची आई आजारी पडली आणि डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले. मुलीचं झालेलं बघायचं, एवढंच तिचं मागणं. तेव्हा मुलांनी एका दिवसात वॉर्ड ऑफिसात नोंदणी केली आणि तो कागद इस्पितळात तिच्या उशाशी नेऊन दाखवला. त्या आठवड्यात ती गेली. “माय फादर सेज,” युका आता वडिलांकडे न बघता बोलत होती, “आफ्टर शोइंग द पेपर, दॅट ईव्हनिंग निखिल केम आउट ऑफ द रूम अँड कॉल्ड हिज मदर. माय फादर वॉज सिटिंग नेक्स्ट टु हिम. ही स्पोक अ लिटल. देन ही पुट द फोन इन पॉकेट. माय फादर आस्क्ड, व्हॉट डिड मदर से? ही सेड, मदर आस्क्ड अबाउट द रेन.”

दुकानात कोणीतरी गिऱ्हाईक आलं आणि थोडं थांबून निघून गेलं.

“मला का नाही सांगितलंस?” बाई म्हणाल्या.

“ऑन द फोन यू सेड असो, आई.” निखिलचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “आफ्टर असो नोबडी टॉक्स.”

“अरे, मला रडू येत होतं. तुला ऐकू जाऊ नये म्हणून म्हणाले मी असो.”

निखिलने टेबलावरून हात पुढे केला आणि बाईंनी तो धरला, इतका घट्ट की त्यांच्या बांगड्या मनगटात रुतल्या. मला काय करावं ते कळेना म्हणून मी थंड चहा पिऊन टाकला.

मग बाईंनी युकाला विचारलं, “विहीणबाईंचं नाव काय?” फुमिको. बाई उठल्या, गुडघा धरून, आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसल्या. युकाने दाखवली तशी उदबत्ती लावली. आणि बोलायला लागल्या. मराठीतच. विहीण समोर बसली आहे अशाच. निखिल जन्मला तेव्हा अलिबागला काय काय झालं तिथपासून. त्याला शेपूची भाजी आवडत नाही, तो खोटं बोलला की कान लाल होतात, वडील गेले तेव्हा तो रडला नव्हता आणि त्याची मला फार धास्ती वाटली होती. तुमची मुलगी चांगली आहे हो. तुम्ही थोडं थांबायला हवं होतं. निखिल उठायला लागला तर त्या मागे न बघता म्हणाल्या, “तू बस. युकाला सांग मी काय म्हणते ते.”

मी आणि ते गृहस्थ बाहेर दुकानात आलो. त्यांनी मला कोम्बूची एक पट्टी कशी तासतात ते दाखवलं, पातळ, पलीकडचं बोट दिसेल इतकी पातळ. माझ्याकडून तिचे तुकडेच पडले. आतून बाईंचा आवाज येत होता आणि त्यामागून निखिलचा, जपानीत. आमच्या चौथ्या-पाचव्या पट्टीपर्यंत तो थांबला नाही. बाहेर येऊन बाईंनी गृहस्थांना हात जोडले आणि मला म्हणाल्या, “व्याह्यांना सांग, पुढच्या वेळी सोड्यांची खिचडी मी इथे येऊन करून घालेन.” मला जपानी येत नाही हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

त्याच दिवशी बाईंनी हॉटेल सोडलं. माझी खोली मात्र सोडू दिली नाही. “तू सहलीला आली आहेस, तू सहल कर.” त्यामुळे उरलेले दिवस मी ओसाका एकटीने पाहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी मनात ‘हे इथेच का’ येत राहिलं, उत्तर द्यायला कोणी नव्हतं. बाई मुलाच्या घरी काय करत होत्या ते मला माहीत नाही. परतताना विमानात त्यांच्या बोटांना लसणाचा वास येत होता एवढं सांगता येईल.

बहारीनला परत आल्यावर अबू यूसुफनी गेटवरच अडवलं. “टीचर, बच्चा वापस लाया?”

“मफी, नहीं, अबू यूसुफ. बच्चा उधर अच्छा है.” बाईंनी पर्समधून एक जपानी गोळी काढून त्यांना दिली. मोत्यांचा हिशोब म्हणून, असं काहीतरी म्हणाल्या. अबू यूसुफनी ती तोंडात टाकली आणि वाईट नाही अशी मान केली.

निरोपसमारंभात प्रिन्सिपल सरांनी बाईंचे मराठीत आभार मानले. दोनदा. बाईंनी तेही शेवटपर्यंत दुरुस्त केलं नाही. अलिबागला जायचं ठरलं होतं. दिवाळीला निखिल आणि युका तिकडे येणार, व्याहीही येणार, मग गावजेवण. त्यानंतर बाई काही महिने ओसाकाला. म्हणजे दोन्ही ठिकाणी. “माणसाने एकाच ठिकाणी असावं असं भूगोलात कुठेही लिहिलेलं नाही,” त्या मला पॅकिंग करता करता म्हणाल्या.

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेले. इतक्या वर्षांच्या संसाराच्या शेवटी तीन बॅगा. मी काय बोलायचं ते गाडीत जुळवून आले होते. बाईंशिवाय हे बेट मला कसं लागणार ते, आणखीही काही. चेक-इन झालं, आम्ही कठड्यापाशी उभ्या राहिलो, मी सुरुवात केली आणि फोन वाजला. निखिलचा. बाईंच्या बोलण्यावरून कळलं, त्याचं ऑफिसात कोणाशी तरी वाजलं होतं. नेहमीचंच काहीतरी, साहेब, सुट्टी, कोणाची तरी बढती. पलीकडून तो भरभर बोलत होता, मला नुसता आवाज ऐकू येत होता. बाई हं हं करत होत्या. मग कोण काय म्हणालं विचारलं. मग तू काय म्हणालास. मागची माणसं पुढे जाऊ लागली तशा त्याही रांगेत सरकल्या, एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने बॅग ओढत, मधेच थांबून, मान हलवून, पुन्हा चालत. पासपोर्ट दाखवायलाही त्यांनी फोन खाली ठेवला नाही, मानेत धरला.

मी हात वर करून उभी होते. काचेपलीकडे जाईपर्यंत बाई मागे वळल्या नाहीत. माझा निरोप घ्यायचा राहून गेला हे त्यांना बहुधा विमानात बसल्यावर आठवलं असेल. मी हात खाली घेतला आणि गाडीकडे निघाले. डोळे भरून आले होते, पण वाईट मला अजिबात वाटत नव्हतं.